कोरडी गाडी

हेरानने ती गाडी घेतली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण त्या सकाळी, इंचन शहरातल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, गाडी घेतल्यातच जमा होती.

पांढरी, चकचकीत. विकणारा तिचा सख्खा दाजी, गिचोल. शेजारी तिची थोरली बहीण, हातात तांदळाच्या वड्यांचा डबा धरून.

तरीही हेरान तपासत होती. फोनवर विम्याचा इतिहास काढला: अपघात नाही, पूर नाही, मालकीण एकच. मग तिने सीटचा पट्टा पार शेवटापर्यंत ओढला. इथे हे शेंबडं पोरही करतं. टोकाला चिखल लागलेला असेल तर गाडी पोहून आली म्हणायची. पट्टा स्वच्छ होता. तिने पायाखालचा गालिचा उचलून वास घेतला.

"कॉफीचा वास का येतोय, दाजी?"

"मालकीण सुशिक्षित होती."

"पाण्यात तर गेली नव्हती ना?"

"कोरडी ठणठणीत आहे. मेहुणीबाई, लग्नाच्या वेळी तुझ्या ताईने मला एवढं वाकून पाहिलं असतं ना, तर आज मी सुटलेला असतो."

"तुम्ही गप्प बसा," ताई म्हणाली. "आणि हेरान, तूही पुरे कर आता. घरचा माणूस आहे."

हेरानला लाज वाटली. आईला बेटावरून डायलिसिसला आणायचं होतं, आणि मधल्या लांब पुलावर गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायलाही जागा नाही. म्हणून तर ती घरच्या माणसाकडे आली होती.

"बरं. सही कुठे करू?"

"सही नंतर, मासा आधी," ताई म्हणाली.

इथे गाडी घेताना तिची पूजा करतात. बॉनेटवर पांढरा दोरा गुंडाळलेला सुका मासा ठेवला गेला, त्याच्यापुढे वड्या. गिचोलने चारही चाकांवर तांदळाची दारू ओतली. हा भाग तो फार मन लावून करायचा. गिऱ्हाइकाला तो काहीही सांगू शकायचा, पण माशाला टरकून असायचा. एकदा त्याने पूजा न करताच गाडी विकली होती, आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच दुकानाची पाटी त्याच्या डोक्यात पडली होती. टाके अजून दिसतात.

त्याने गुडघे टेकले, कपाळ सिमेंटला लावलं आणि मोठ्याने म्हणाला, "गाड्यांचे जे कोणी देव असाल ते, हिला सांभाळा. टक्कर नको, खिळा नको. आणि या वेळी तरी हिला पाण्यात जाऊ देऊ नका."

पलीकडच्या रांगेत कुणीतरी हॉर्न वाजवून बघत होतं. तोही थांबला.

"या वेळी तरी?" हेरानने विचारलं.

गिचोलने कपाळ उचललं नाही. त्या घडीला तीच जागा सगळ्यात सोयीची होती.

"दाजी, आत्ता मला कोरडी ठणठणीत म्हणालात."

"तुला म्हणालो," तो जमिनीला म्हणाला. "यांना कसं म्हणणार?"

हेरान ताईकडे वळली. तिला अजून वाटत होतं, ताई आता तो डबा नवऱ्याच्या डोक्यात घालेल, जुने टाके चुकवून. ताई बॉनेटवरच्या वड्या सरळ करत होती. त्या सरळच होत्या.

"इंजिनापर्यंत नव्हतं गं गेलं पाणी," ताई म्हणाली. "मालकिणीने विम्याचे पैसे मागितलेच नाहीत, म्हणून नोंद नाही. पट्टे मी स्वतः उभी राहून नवीन बसवून घेतलेत. वास जायला कॉफीसुद्धा चांगल्यातली टाकली."

"आई बसणार आहे यात, ताई. तुझीपण आई."

"मागे बसेल ना पण ती," ताई म्हणाली. "पाणी पुढून जास्त शिरलं होतं."

मग तिने दोन वड्या कागदात गुंडाळून हेरानच्या पिशवीत कोंबल्या. उपाशी जाऊ नकोस, म्हणाली. हेरानने त्या घेतल्या. नाही म्हणायची सवय तिला त्या घरात कुणी लावली नव्हती.

परतीच्या बसमध्ये तिने फोनवर सरकारी तक्रारींचं पान उघडलं. शेजाऱ्याचा कुत्रा भुंकला तरी इथे माणसं तिथेच जातात. आधी तक्रारीचा प्रकार निवडायचा होता. त्यात बहीण नव्हती. तिने 'पूर व सांडपाण्याचा निचरा' निवडलं आणि लिहिलं:

"महोदय, अर्जदाराची थोरली बहीण जन्मापासून अर्जदाराच्या रोजच्या वापरात आहे. तिच्यात पाणी नेमकं कधी आणि कुठवर शिरलं, याची कोणतीही पूर्वसूचना अर्जदारास देण्यात आलेली नाही. तरी संबंधित विभागाने तातडीने लक्ष घालून सदर बहीण पुरापूर्वीच्या स्थितीत परत मिळवून द्यावी, ही नम्र विनंती."