गॅस कुठं जातो

“बॉनेटले हात लावू नको. पयले मी पायतो,” मारोतराव म्हणाले आणि भीमसिंग व गाडी यांच्या मध्ये उभे राहिले.

राळेगावच्या बसस्टँडमागे भीमसिंग राठोडचं गॅरेज होतं. बाहेर मे महिन्याची दुपार रणरणत होती. आत सोळा वर्षांची पांढरी गाडी उभी होती. तिच्या एसीत दीड महिन्यात तीनदा गॅस भरला होता आणि तिन्ही वेळा तो आठ दिवसांच्या आत गायब झाला होता. उद्या नागपूरला अपेक्षाची परीक्षा होती. नातीला आपण स्वतः गाडीने नेणार, असं मारोतरावांनी घरात जाहीर केलं होतं. पण बीपीमुळे डॉक्टरांनी उन्हात एसीशिवाय गाडी काढायला साफ मनाई केली होती. यापायीच वणीच्या लग्नालाही एसटीने जावं लागलं आणि यवतमाळच्या दवाखान्याची फेरीही एसटीनेच झाली.

मारोतरावांना एसटीत बसून जायचा भारी राग. त्यांनी तीस वर्षं एसटी चालवली होती, तीही एका अपघाताशिवाय. त्यांच्या चालवण्याबद्दल घरात कोणी ब्र काढला तर चार दिवस बोलणं बंद व्हायचं. निवृत्त झाल्यापासून संशय घेणं हाच त्यांचा उद्योग होता. दूधवाला पाणी घालतो. शेजारी मुद्दाम आपल्या दारात पाणी सोडतो. गल्लीतला कोणी जळका माणूस गाडीच्या बंपरला घासून जातो, तेही दर महिन्याला नवीन जागी. आता भीमसिंगची पाळी होती.

“आज एसी नाही झाला, तं स्टँडवर सांगतो. भीमसिंग सोताच पाइपाले भोक पाडते म्हणून.”

स्टँडवर मारोतरावांचा शब्द चालायचा. निम्मी गिऱ्हाइकं त्यांच्याच ओळखीने आलेली होती. ते एकदा बोलले की गॅरेज बसलंच.

त्याने काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं, एक बुडबुडा आला नाही. नायट्रोजन भरून गाडी दिवसभर ठेवली, मीटरचा काटा हलला नाही. गाडीत लिकेज नव्हतं, आणि गॅस मात्र जात होता. मग त्यालाही वेगळीच शंका यायला लागली. काका आपल्याला बदनाम करायला स्वतःच तर गॅस सोडत नाहीत?

“मांगच्या खेपी गॅससंगं एक रंग भरला होता, काका,” तो म्हणाला. “साध्या उजेडात दिसत नाही. या निळ्या बॅटरीत हिरवागार चमकते. जिथून गॅस गेला, तिथं दिसनच.”

“आन् हे मले आज सांगून राह्यला?”

“कोणालेच नव्हतं सांगतलं.”

त्याने शटर खाली ओढलं. गॅरेजात अंधार झाला. बॉनेटची दांडी केव्हाच मोडली होती, त्यामुळे ते कोणीतरी धरून ठेवावं लागे. ते काम नेहमी सत्यशीलाबाईंचं, म्हणजे मारोतरावांच्या बायकोचं. तिन्ही वेळा गॅस भरताना त्याच ते धरून, भीमसिंग काय करतो ते बघत उभ्या होत्या, आणि आजही त्यांनीच ते उचलून धरलं होतं.

“बॅटरी इकडं दे. मी सोता पाहीन. तू दाखवशीन तेच कायले पाहू?”

मारोतरावांनी बॅटरी हिसकावून घेतली. निळसर उजेड पाइपांवरून फिरला. भीमसिंग त्यांच्या खांद्यावरून बघत होता. पाइप कोरे. कॉइल कोरी. मग उजेड गॅस भरायच्या व्हॉल्ववर गेला आणि तिथे पोपटासारखा हिरवा रंग लखलखला. गॅस भरून झाल्यावर ही जागा भीमसिंगने स्वतः पुसून लख्ख केली होती. म्हणजे नंतर कोणीतरी टोपण काढून आतली पिन दाबली होती. त्याने झटकन मारोतरावांच्या हाताकडे पाहिलं.

हात कोरे होते.

उजेड जरा वर सरकला. बॉनेटच्या कडेवर सत्यशीलाबाईंची बोटं होती. चारही नखांच्या कडा हिरव्यागार.

भीमसिंगचा जीव भांड्यात पडला. आता फक्त तोंड उघडायचं होतं, की नाव वाचलं. पण त्याच्याआधी मारोतरावच बोलले.

“कुठी हाय हिरवं? काहीच तं नाही. तुनं रंग टाकलाच नाही.”

“काका, बॅटरीच्या समोरच हाय ना.”

मारोतराव वाकले. नाक टेकेल इतके जवळ गेले. हिरवा रंग त्यांच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर चमकत होता, आणि ते खरोखर शोधत होते. भीमसिंगच्या लक्षात आलं. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला दिसतच नव्हतं.

“काहीच नाही,” मारोतराव ताठ होत म्हणाले. “चोरी पकडल्या गेली तुही. चाल, उघड शटर. आता स्टँडवरच बोलू.”

“थांबा,” सत्यशीलाबाई म्हणाल्या. “त्या पोराच्या नावाले कायले बट्टा लावता?”

भीमसिंगने पुढे होऊन बॉनेट धरलं. त्यांनी आपला मोकळा झालेला हात नवऱ्याच्या डोळ्यांसमोर, बॅटरीच्या उजेडात धरला.

“काय दिसते?”

“तुहा हात. अजून काय?”

“माह्या नखाले हिरवा रंग लागला हाय. गॅस म्या सोडला. तिन्ही खेपी.”

मारोतरावांनी बायकोकडे पाहिलं. मग भीमसिंगकडे. त्याने मान खाली घातली.

“काहून?” त्यांनी विचारलं.

“हा रंग तुमाले दिसला असता,” त्या म्हणाल्या, “तं म्या गॅस सोडलाच नसता.”