दर शनिवारी अडतीस

“हा पोरीचा फ्रॉक आहे की तंबू?” शिवणवर्गाच्या बाईंनी खाकी कागदाचं कटिंग चिमणीच्या अंगाला लावून पाहिलं. कागद दोन्ही काखांच्या बाहेर गेला. वर्ग हसला. तीन वर्षांची चिमणीही हसली. तिच्या आईचे मात्र कान तापले.

तिनं तर सगळं सांगितल्याप्रमाणे आणलं होतं. लांब पट्टी, बाकदार पट्टी, खडू, खुणा उठवायची चाकी, कागदाची वेगळी कात्री. नव्यानं शिकणाऱ्याला आणखी काय लागतं? फक्त टेप तेवढा घरचा होता. सकाळी स्वतःच्या आईच्या मशीनवरून न विचारता उचललेला.

बाईंनी तो टेप पट्टीशेजारी ताणून धरला आणि त्यांचं हसू थांबलं. टेपला सुरुवातच नव्हती. पितळी टोकासकट पहिले चार इंच गायब. बावीसची छाती सव्वीस भरली, त्यात नवल काय.

“टोक बघितल्याशिवाय माप घ्यायचं नाही. आणि खोटा टेप घरात असण्यापेक्षा नसलेला बरा.” बाईंनी कागदाच्या कात्रीनं त्याचे दोन तुकडे करून तिच्या हातात ठेवले.

नवा टेप घेऊन घराकडे चालताना तिला एकेक गोष्ट उलगडत गेली. बाबा आजारी पडल्यापासून वजनकाट्यावर पाय ठेवायला तयार नव्हते. “माझं माप घरच्या शिंपिणीकडेच,” म्हणायचे. मग दर शनिवारी आई त्यांच्या छातीला टेप लावायची आणि मोठ्यानं वाचायची, “अडतीस.” दर शनिवारी अडतीसच. सदरे खांद्यावरून घसरायला लागले, तर बाबा म्हणाले, धुऊन धुऊन कापड सैल पडलंय. त्या अडतीसवर विसंबून तिनं माहेरचा मुक्काम आवरता घेतला होता. सोमवारी ती चिमणीला घेऊन आपल्या घरी परतणार होती.

आई मशीनला तेल घालत होती. तिनं तुकडे आईपुढे टाकले.

“बाबांना फसवतेस ते फसवतेस. मलाही?”

आईनं तुकडे चष्म्याजवळ नेले. बाईंनी कापलेली कड सुतासारखी सरळ होती. दुसरी, चारच्या आकड्याजवळची, उंदरानं कुरतडल्यासारखी.

“मी असं कापते?” आईनं विचारलं. “आयुष्यात कधी वाकडी चाललीय माझी कात्री?”

“मग?”

“दाढीचं ब्लेड आहे ते. हात थरथरतो ना आता त्यांचा.”

लेक मशीनच्या स्टुलावर बसली. चिमणी तिच्या मांडीवर चढली, तिला आज कुणी खाली उतरवलं नाही.

“तुला माहीत होतं?”

“पाठीवरून हात माझाच फिरतो ना. त्याला टेप कशाला लागतो? या आठवड्यात आणखी उतरलेत.” आई तेलाच्या बुधलीचं झाकण लावत म्हणाली. “मला घोर नको म्हणून करतात. करू दे. आता करण्यासारखं दुसरं काय उरलंय त्यांच्याजवळ? मला कळलंय हे त्यांना कळलं, की तेही गेलं.”

आतून बाबांची हाक आली. “अगं, टेप सापडला का? आज शनिवार ना?”

“सकाळपासून जीव खाल्लाय टेपसाठी,” आई पुटपुटली. मग आवाज चढवून म्हणाली, “सापडला, सापडला. मशीनखाली पडला होता. माप घ्यायला मीच येते, तुम्ही उठू नका.”

तिनं लेकीच्या हातातला नवा टेप घेतला. तेलाचा हात त्याच्यावरून फिरवला, मग मशीनच्या पायाशी साचलेली धूळ चोळली. त्याची पिवळी चकाकी मेली. समोरच कापडाची कात्री होती. ती बाजूला सारून आईनं बेसिनवरच्या आरशामागचं ब्लेड आणलं आणि टेप कापला. सावकाश, मुद्दाम वाकडा.

जुना टेप चारपासून सुरू व्हायचा. हा तिनं पाचपासून सुरू केला.