फ्रिजवरच्या नोटिसा

पडद्यावर फ्रिज आला आणि नंदकुमार खुर्चीत खाली सरकला. फ्रिजच्या दारावर एक टाइप केलेला कागद होता. सिनेमातल्या बायकोने तो मोठ्याने वाचला: ‘सौ. यांना कळविण्यात येते की, डब्यातील भाजीत मीठ कमी आढळून आले आहे. पुनरावृत्ती टाळावी. हुकुमावरून, सचिव.’

अख्खं थिएटर खो खो हसलं. सोसायटीचे खजिनदार आकाश मागच्या रांगेतून पुढे वाकले. “सेक्रेटरीसाहेब, ही भाषा ओळखीची वाटते हो!”

नंदकुमार त्याच्या घणसोलीतल्या सोसायटीचा सात वर्षं सेक्रेटरी. पाण्याची वेळ, लिफ्टची दुरुस्ती, गच्चीवर पापड वाळवू नयेत, सगळ्याच्या नोटिसा तोच काढायचा. ती सवय घरात कधी शिरली, ते त्यालाही कळलं नाही. लग्नानंतरची पहिली नोटीस तर निव्वळ लाडाची होती: ‘सौ. आज फार सुंदर दिसत आहेत, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’ त्याची बायको दिशा तेव्हा पोट धरधरून हसली होती. पुढे मीठ आलं, पलंगावरचे ओले टॉवेल आले, फोनवरच्या गप्पा आल्या. ती हसायची थांबली. हा लिहायचा थांबला नाही.

आता तिने त्यावरच सिनेमा लिहिला होता. नवराबायकोच्या संसाराचा गमतीदार सिनेमा आहे, एवढंच नंदकुमारला माहीत. पटकथा वाच म्हणून ती दोनदा मागे लागली, तर हा म्हणाला, “तू लिहिलंयस ना, चांगलंच असणार.” वर मोठ्या तोऱ्यात सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावून रविवारच्या दुपारच्या शोला तीन रांगा भरतील एवढी माणसं त्यानेच गोळा केली. घ्या आता!

पण चारचौघांत हसं झालं, ते त्याने सोसलं असतं. त्याला धास्ती होती ती एकाच नोटिशीची.

दोन वर्षांपूर्वी दिशाचे वडील तळवलीच्या घरी अंथरुणाला खिळले होते. घणसोलीहून रिक्षाने दहा मिनिटं. ती ऑफिसमधून परस्पर तिकडे जायची, घरी यायला उशीर व्हायचा. एकदा भुकेने चिडून त्याने कागद चिकटवला: ‘माहेरी जाणे आठवड्यातून एकदाच, रविवारी. अन्य दिवशीच्या विनंतीचा विचार केला जाणार नाही.’ तिने तो वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. सोमवारी ती तळवलीला गेली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी संध्याकाळी ती कुकर लावत असताना फोन आला. वडील गेले होते.

आपण गंमत केली होती, असं त्याने स्वतःला पुढे शंभरदा सांगितलं. ती गंमत नव्हती, हे त्याला पहिल्या वेळीच ठाऊक होतं. दिशाने आईला ऑफिसच्या कामाचं कारण सांगितलं. त्या कागदाबद्दल नवराबायको कधीच बोलले नाहीत.

आणि आज तिची आई, शांतीबाई, नंदकुमारच्या शेजारी बसल्या होत्या. नवी साडी नेसून, लेकीचं नाव पडद्यावर बघायला आल्या होत्या. जावयाने आग्रह करून आणलं म्हणून सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या. मध्यंतरात त्यांनी त्याच्या हातावर पॉपकॉर्न ठेवले, ते त्याने तसेच मागच्या रांगेत देऊन टाकले.

मध्यंतरानंतर सिनेमातल्या बायकोचा बाप आजारी पडला. नंदकुमारने खुर्चीचा हात घट्ट धरला. बायको फ्रिजसमोर उभी राहिली. दारावर नवा कागद होता. त्याने डोळे मिटले. आता सासूबाईंना कळणार. सोसायटीला कळेल, त्याचं काही नाही, पण ही म्हातारी आपल्याकडे वळून बघेल, तेव्हा तोंड कुठे लपवायचं?

‘सासरेबुवांना कळविण्यात येते की, पथ्य चालू असताना शेवटचा लाडू कोणी खाल्ला, याची चौकशी सुरू आहे.’

पुन्हा हशा. नंदकुमारने डोळे उघडले. पडद्यावरचा बाप मिशांना लागलेला लाडू पुसत होता. पुढे तो बरा झाला, धाकट्या लेकीच्या हळदीत नाचलासुद्धा. शांतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “यो मानूस आपल्या यांच्यासारखाच हाय गो,” त्या पलीकडे बसलेल्या दिशाला म्हणाल्या.

नंदकुमारला रडू फुटायचंच बाकी होतं. तिने त्याला वाचवलं होतं. तिच्या जागी तो असता तर त्याने नसतं वाचवलं, हेही त्याला कळलं आणि त्याची मान आणखीच खाली गेली.

शो सुटला. शांतीबाईंना सोसायटीच्या बायकांनी पोस्टरजवळ फोटोला उभं केलं. नंदकुमार दिशाला जरा बाजूला घेऊन गेला. दोन वर्षं जे बोलायचं राहिलं होतं, ते त्याने एका दमात बोलून टाकलं.

“दिशा, मी चुकलो. फार चुकलो. आणि तरी ती नोटीस तू सिनेमात घातली नाहीस. माझी लाज राखलीस गं.”

तिच्या आवाजात राग नव्हता.

“घातली होती मी. दिग्दर्शकानेच काढायला लावली. म्हणाला, लोकांना पटायचं नाही मॅडम, असा नवरा कुठे असतो का!”