तिसऱ्यांदा बदललेली भिंत

टोलेडोतलं ते मोडकं घर आम्ही घेतलं, तेव्हा दुरुस्तीचा खर्चही बँकेने त्याच कर्जात धरला. फक्त ते पैसे बँकेकडेच राहणार, आणि पाहणीवाली बाई काम बघून गेली की हप्त्याहप्त्याने सुटणार.

बाथरूमची भिंत ठेकेदार ओटिसने तिसऱ्यांदा बदलली होती. दर वेळी कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, बरोबर तोंडाच्या उंचीला, चिकट ओला डाग उमटायचा. पुसला की फडक्याला थुंकीचा वास. शी!

"पाइप गळतोय," मी म्हणायचे.

"या भिंतीत पाइपच नाही, मॅडम," ओटिस म्हणायचा.

आज पाहणीला लोरेटाबाई आल्या, तेव्हा भिंत कोरडी ठणठणीत होती.

"झकास! दोघंही सह्या करा, पैसे सुटले समजा."

ओटिसने कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. मी मूर्खासारखी तो भिंतीला टेकवून केली. कागद सुटेचना. ओढून काढला, तर ओटिसचं नाव शाबूत होतं. माझ्या नावाच्या जागी ओल्या कडांचं भोक.

"दुसरा देते," लोरेटाबाई वैतागल्या. "आणि कोण हे मचमच खातंय? किळस येते!"

आम्हा तिघांचीही तोंडं बंद होती.