एकविसातली एक

बोली चौदा कोटींवर अडली तेव्हा उदयसिंहांनी शेजारी बसलेल्या नंदीशकडे पाहिलं. नंदीशनं नुसती मान हलवली. अजून चढणार होती.

दुबईतल्या हॉटेलच्या त्या लिलावाच्या हॉलमध्ये उदयसिंह काही घ्यायला आले नव्हते, विकायलाही नव्हते. ते भाव बघायला आले होते. समोर फिरत्या चकतीवर उभी असलेली करडी गाडी आणि सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यामागं, एसी लावलेल्या शेडमध्ये उभी असलेली गाडी या सख्ख्या बहिणी. इटलीतल्या एका लहानशा कारखान्यानं तसल्या एकवीसच गाड्या केल्या आणि साचे मोडून टाकले. उदयसिंहांची तेरावी. बारा वर्षांपूर्वी त्यांनी ती घेतली तेव्हा गावाकडच्या, करकंबच्या भावकीनं त्यांना वेड्यात काढलं होतं. एवढ्या पैशात किती एकर ऊस झाला असता, याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडून दाखवला होता.

आता भावकी गप्प होती. ही गाडी चालवून नव्हे, न चालवून पैसा देत होती. मीटरवर चारशे अकरा किलोमीटर, तेही बहुतेक कंपाउंडातलेच. बिरप्पा नावाचा जुना मेकॅनिक दर रविवारी ती सुरू करायचा, दोन चकरा मारायचा आणि पुसून पुन्हा झाकून ठेवायचा.

भाव वाढण्याचं दुसरंही एक कारण होतं. ते उदयसिंह चारचौघांत बोलत नसत. या गाड्यांच्या मालकांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. जगात कुठंही यातली एखादी आदळली किंवा जळाली, की ग्रुप चालवणारा स्वित्झर्लंडचा एक म्हातारा दोन ओळी टाकायचा. पहिली गेली तेव्हा उदयसिंहांना खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्या वेळी, चालवणारा वाचला का, एवढं त्यांनी विचारलं. चौथी गेली तेव्हा त्यांनी सरळ नंदीशला बंगळूरला फोन लावून नवा भाव विचारला. नंदीशचा धंदाच तो, असल्या गाड्यांची दलाली.

सतरा उरल्या होत्या.

घरात या गाडीवरून महिनाभर कुरबूर चालली होती. पायल, त्यांची एकुलती एक मुलगी, कारखान्याचा निम्मा कारभार बघायची. तिला गाडी विकून नवे माग घ्यायचे होते. जुन्या मागांवर बाहेरदेशची ऑर्डर वेळेत निघत नाही, हे ती दर जेवणाला सांगायची आणि उदयसिंह दर जेवणाला भाजी मागून घ्यायचे. शेवटी तिनंच हैदराबादचं एक गिऱ्हाईक शोधलं. बारा कोटी द्यायला तयार. त्याचा माणूस नेमका आजच गाडी बघायला येणार होता.

उदयसिंह निघाले त्या सकाळी ती दारापर्यंत आली.

"आबा, बघू तर द्या त्याला. बघितल्यानं काय झिजतीय व्हय गाडी?"

"बघू दे की. पर शब्द देऊ नको," ते म्हणाले. "भाव दुबईत ठरंल."

ती हसली. ते हसणं काही त्यांना आवडलं नव्हतं. पोरीनं एकदा मनावर घेतलं की ती थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

साडेचौदा. पंधरा. खिशात फोन थरथरला. बिरप्पाचा होता. उदयसिंहांनी कापला. परत आला, परत कापला. शेडचा एसी बंद पडला तरी हा माणूस फोन करायचा.

साडेपंधरावर हातोडा पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उदयसिंहांनी मनात पायलच्या बारा कोटींशेजारी तो आकडा ठेवून पाहिला आणि खुर्चीत जरा मागं रेलले.

तेवढ्यात ग्रुपवर म्हाताऱ्याच्या दोन ओळी आल्या. वाईट बातमी, आणखी एक गेली. कितवी ते अजून कळलेलं नाही.

त्यांनी फोन नंदीशपुढं धरला. नंदीशनं वाचलं, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "सर, आता अठराच्या खाली बोलायचंच नाही."

उदयसिंहांच्या छातीत ऊब आली. तिची थोडी लाजही वाटली, पण ऊब टिकली. मग एकदम आठवलं, पायल. तो हैदराबादचा माणूस आत्ता तिच्यासमोर बसला असेल. बारा कोटींना ती हो म्हणून बसली तर?

ते हॉलबाहेर आले. फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. परत लावला. पुन्हा तेच. मुद्दाम उचलत नाही, त्यांना वाटलं. सौदा उरकूनच बोलेल. कानशिलं तापली. मग त्यांनी स्वतःला आवरलं आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवला.

"पायल, सौदा करू नको. आणखी एक गेलीय, भाव लई वर गेलाय. त्या माणसाला चहा पाज आन् लावून दे." मग म्हणाले, "आन् माग तू म्हणशील तसले घेऊ. सगळे नवे. कर्ज काढू, पर घेऊ. मी आल्यावर न्हाय म्हणणार न्हाय."

पाठवल्यावर त्यांना हलकं वाटलं. हे आधीच बोलायला हवं होतं. नंदीश दोन कॉफ्या घेऊन आला. काचेपलीकडं दुपारचं ऊन समुद्रावर पसरलं होतं.

ग्रुपवर फोटो आला. कुणीतरी रस्त्यावरून जाता जाता काढलेला. दरवेळेसारखा त्यांनी तो मोठा करून पाहिला. गाडी रस्त्याकडेच्या चारीत उलटी पडली होती. जळून इतकी काळी झालेली, की मूळ रंग ओळखू येत नव्हता. भोवती माणसं जमली होती. कितवी असेल याचा अंदाज बांधत त्यांनी फोटो बोटांनी आणखी मोठा केला, कडेला सरकवला.

माणसांच्या पायांमागं मैलाचा दगड होता. त्यावर देवनागरीत लिहिलं होतं, सोलापूर ११.