दोन जागांची मोटार

भिवराबाईनं जुनी परात इंजिनाखाली सरकवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. टप्. काळ्या तेलाचा थेंब परातीत पडला.

"बगा मिस्त्री," ती म्हणाली. "पाच बार दुरुस्त केली तुमी. इतक्या दिवसांत तान्हं लेकरू बी कोरडं ऱ्हायाला शिकतं."

चंद्रभान मिस्त्री गाडीखालून सरपटत बाहेर आला. हा परभणीच्या मोटारवाल्याचा माणूस. जहागिरी बुडाल्यावर हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराच्या लेकानं ही लाल, बसकी, दोनच माणसांची मोटार विकायला काढली. मोटारवाल्यानं ती घेतली आणि पेडगावच्या आबासाहेबांच्या गळ्यात घातली. वर सहा महिन्यांची हमी कागदावर लिहून दिली. बिघडली तर दुरुस्त करू, दुरुस्त झाली नाही तर बदलून देऊ. आज त्या हमीचा शेवटचा दिवस होता.

मोटार आली त्या दिवशी सगळं गाव तिचा रंग बघत होतं. भिवराबाईनं बघितला तो अंगणातला डाग. सकाळीच सारवलेलं अंगण, आणि त्यावर हा काळा ओघळ. आबासाहेबांनी टोपी नीट करत विचारलं होतं, "चलती का? मानवतच्या बाजाराला जाऊन येऊ."

"माझं लुगडं काय इंजन पुसायचा बोळा हाय? तेल गळायचं थांबू द्या. मग बसते."

तेव्हापासून दर बाजाराला आबासाहेब विचारायचे आणि दर बाजाराला तेच उत्तर घेऊन एकटे निघायचे. शेजारच्या जागेवर भाजीची पिशवी बसून यायची. घरी आले की पहिलं काम, मिस्त्रीला सांगावा. जन्मात कुणापुढं मान न वाकवलेला माणूस गाडीशेजारी उकिडवा बसून म्हणायचा, "चंद्रभान, कायबी कर बाबा, पर हे तेल बंद कर."

आज मिस्त्रीनं हात पुसले आणि मान हलवली. "आबासाहेब, खरं सांगतो. इंजनाच्या पोटाला बारीक चीर हाय. पॅकिंग बदलून भागायचं न्हाई. म्हणून तर शेठनं ती धाडलीय."

ती म्हणजे दारात उभी असलेली काळी, ऐसपैस मोटार. मिस्त्री तीच चालवत आला होता.

भिवराबाईनं तिला एक फेरी घातली. वाकून खाली बघितलं. कोरडं. मागचं दार उघडून ती आत बसली. गादी चांगली हातभर जाड. खिडक्यांना पडदे.

"आत्याबाई, शोभायलात की," दारातून सून कडूबाई म्हणाली.

"शोभंल न्हाई तर. चार माणसं बसतेत हिच्यात. त्या बसकीत बसायचं म्हंजी सुपात बसल्यावानी."

मागं बसायची तिला सवयच होती. लग्न होऊन आली त्या दिवशी सासूनं सांगितलं होतं, बैलगाडीत बाईनं मागं बसायचं, तोंड मागं करून. समोरून थोरामोठी माणसं येतात. आबासाहेब पुढं बसून स्वतः बैल हाकायचे. ती मागं, मागं पडणारी धूळ बघत. मानवत आलं हे तिला कळायचं ते गावातली पहिली घरं मागं गेल्यावर. सासू जाऊन बारा वर्षं झाली, तरी बसायची जागा काही बदलली नव्हती.

मिस्त्रीनं कागद आणि टाक पुढं केला. "सही करा, आबासाहेब. ही घेऊन जातो, ती ठेवतो."

आबासाहेबांनी टाक घेतला नाही. ते लाल मोटारीची काच उपरण्यानं पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"आवो, करा की सही," भिवराबाई आतूनच म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. हीच बरी हाय."

"बरी? परातभर तेल ओकती. त्या मोटारीवरून एवढा जीव ओवाळायला काय झालं? अन् हिच्यात काय कमी हाय, ते तरी सांगा."

आबासाहेबांनी मिस्त्रीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. मग खाली मान घालून ते चाकाशी बोलल्यासारखं बोलले.

"तिच्यात मागं जागा हाय."

"मग?"

"मग तू मागं बसशील."

कडूबाई दारातून हळूच आत सरकली. मिस्त्री उगाच पाना पुसू लागला. परातीत एक थेंब पडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

भिवराबाई काळ्या मोटारीतून उतरली. दार आवाज न करता लावलं. घरात गेली. बाहेर आली ती हिरवं इरकली लुगडं नेसून, लग्नाकार्यालाच निघणारं.

"बाईसाहेब," मिस्त्री गडबडला, "आज मुदत संपायलीय. उद्यापून आमची जिम्मेदारी न्हाई."

"सहा म्हैने तुमी बघितलं, आता मी बघते. न्या ती तुमची काळी." मग तिनं घराकडं तोंड करून हाक दिली. "कडू, परात घासून ठिव. यायला उशीर झाला तर तेलाचे ठिपके बघत ये हुडकायला."

आबासाहेबांनी शेजारच्या जागेवरची भाजीची पिशवी उचलली. ती कुठं ठेवावी ते त्यांना सुचेना. भिवराबाईनं ती त्यांच्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली आणि पदर सारखा करून बसली.

लाल मोटार वेशीतून बाहेर पडली. मानवतच्या वाटेवर मागं एकेक काळा ठिपका पडत गेला. एकेचाळीस वर्षं मागंच बघत प्रवास केलेल्या भिवराबाईनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.