भीतीचा वाटा

ट्रकचा टायर फुटला तेव्हा कीर्तन ऐन रंगात आलं होतं. अख्खा मंडप दचकला. बुवांच्या हातातली चिपळीसुद्धा निसटली. गेल्या साली याच मंडपात गोळीबार झाला, त्यातून अंबूताई कशाबशा वाचल्या. त्यांची भीती यंत्रानं काढून गावातल्या साठ जणांनी थोडीथोडी आपापल्या अंगावर वाटून घेतली होती.

दचकला नाही तो एकटा त्यांचा दीर, वसंता. वाटा घ्या म्हणून घरोघर हात जोडत फिरलेला तोच, पण आता त्याची झांज बिनचूक वाजत राहिली.

कुणी आपला वाटा टाकून दिला तर तो भीती ज्याची, त्याच्याकडेच परत जातो, हे यंत्रवाल्या बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. आपली वर्षभराची तडफड कुठून आली, ते अंबूताईंना आता कळलं.

कीर्तन संपताच त्यांनी विचारलं, "भाऊजी, तुमचा वाटा कुठं आहे?"

"दोन दिवस ठेवला होता, वहिनी. झोपच लागेना हो."

"मलाही लागत नाही."

बुक्का लावायचं काम अंबूताईंचंच. रांगेतून वसंतानं कपाळ पुढे केलं. हात क्षणभर अडला, मग त्यांनी बुक्का लावला.

"हा सगळ्यांना सारखाच, भाऊजी. वाटाही सारखाच ठरला होता."